फळ्यागत सॉफ्टवेअर

आमच्या सरांची नक्कल करणं काय लई अवघड नव्हतं. चष्मा कपाळावर ढकलायचा, डोळे मिटायचे, "ॲक्च्युअली" म्हणायचं आणि मग एवढा वेळ गप्प बसायचं की समोरच्याला वाटावं फोन कट झाला. त्यानंतर हळू आवाजात, "ॲक्च्युअली, आपण प्रॉब्लेमच चुकीचा समजून घेतलाय." एवढं जमलं की सर झाले. जेऊरजवळच्या शाळेत असल्यापासून मी हेडमास्तरांच्या, एसटी कंडक्टरच्या, मयताला आल्यावर आधी चपला नीट ठेवून मग रडायला लागणाऱ्या बायकांच्या नकला करत आलोय. त्यामानानं सर म्हणजे पहिलीचा पेपर.

सोलापुरात आमचं ऑफिस म्हणजे तीन माणसं. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. सर पुण्यातली चांगली नोकरी सोडून आलेले, का तर आपल्या गावात बसून जगाच्या तोडीचं सॉफ्टवेअर करायचं. मी कॉलेजातून नुकताच सुटलेला. आणि ताई.

ताई अक्कलकोटकडची. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि प्रोग्रॅम लिहिताना दोन्ही नाही, नुसते ओठ हलायचे. सासर इथंच शहरात. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी पहिलीत, नवऱ्याची नोकरी इथली. पुण्याचा विषय घरात काढायचा नाही हे ठरूनच गेलेलं. सोलापुरात प्रोग्रॅम लिहायचं काम देईल अशी जागा तिनं चार वर्षं शोधली होती, तेव्हा हे ऑफिस मिळालं. एकदा डबा खाताना ती म्हणाली, "हे बंद पडलं ना, तर मी परत कोडचं तोंड बघत नाही. कुठं बघणार? कुणाच्या घरात?" आणि भाकरीचा तुकडा मोडून पुढचं बोलायला लागली. मी तेव्हा तिचीच नक्कल करायच्या नादात होतो, भाकरी मोडताना ती करंगळी बाजूला ठेवायची त्याची. पण ते वाक्य राहिलं डोक्यात.

बंद पडायची भीती खरीच होती. आमच्याकडं गिऱ्हाईक एकच उरलं होतं, चिंचोळी एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना.

त्या कारखान्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खात्यात भिंतीवर एक मोठा काळा फळा होता. प्रत्येक लूमची एक चौकट. चौकटीत खडूनं लिहिलेलं, कुठलं बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, चढवलंय, सुताचा लॉट कुठला, डिझाईन कुठलं, आणि चालवतंय कोण. हा फळा मुकादम मामांच्या ताब्यात. मामा माढा तालुक्यातले, पन्नाशी ओलांडलेले, खात्यात सगळे तेलुगू बोलणारे विणकर आणि मधी हे एकटे देशी मराठीत ओरडणारे. काही बदललं की मामा अंगठा जिभेला लावायचे, चौकट पुसायचे आणि नवीन लिहायचे. मालकांना हे सगळं कंप्युटरवर पाहिजे होतं. नवीन लूम येणार होते, ते बसायच्या आत. पहिल्या दिवशी मामांनी आम्हाला फळ्यासमोर उभं केलं आणि म्हणले, "हे असं करून द्या. फळ्यागत. बाकी आमास्नी काय नको."

ताईनं सव्वा महिन्यात करून दिलं. फळ्यागतच. चौकटीवर बोट ठेवा, जुनं जातं, नवीन येतं. मला दाखवलं, मी तिथल्या तिथं अंगठा जिभेला लावून स्क्रीन पुसून दाखवली. ताई हसून हसून टेबलावर पडली. मग सरांनी तिचा कोड वाचायला घेतला.

सरांचं म्हणणं असं की प्रोग्रॅममधी एकदा लिहिलेली गोष्ट बदलायची नाही. बदल पाहिजे असेल तर जुनी तशीच ठेवायची आणि शेजारी नवी लिहायची. खोडायचं नाही, वरून गिरवायचं नाही. दुसरं म्हणजे, जे खऱ्या जगात होऊच शकत नाही ते प्रोग्रॅममधी लिहिताच येऊ नये. एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही ना, मग ते भरताच येता कामा नये. आणि तिसरं म्हणजे शुद्धता. आत नुसतं गणित. फाईल सेव्ह करणं, प्रिंट काढणं, स्क्रीनवर दाखवणं ही सगळी बाहेरची कामं, ती लांब कोपऱ्यात वेगळी बसवायची. मी म्हणायचो, "सर, प्रिंटरला शिवलो, आंघोळ करून येऊ का?" ताई हसायची आणि सरसुद्धा हसायचे. सरांना विनोद कळायचा, हीच खरी अडचण होती. खडूस माणसाशी भांडता येतं.

दोन दिवस वाचून सर म्हणाले, "ॲक्च्युअली, हे चालतंय हाच याचा प्रॉब्लेम आहे."

ताई म्हणाली, "म्हणजे काय सर?"

"चालतंय म्हणून आपण देऊन टाकू. आणि मग हे कायमचं असंच राहील. यात कालचं काही उरतच नाही. सगळं पुसलं जातं."

"फळ्यावर पण पुसतातच की."

"फळा आपण नाही केला."

ताईचं काम बाजूला पडलं. सरांनी स्वतः सगळं नव्यानं लिहायला घेतलं, आम्हाला शिकवत शिकवत. लिहायचे मात्र काय सुंदर. पानभर गोष्ट चार ओळीत बसवायचे आणि त्या चार ओळी वाचल्यावर वाटायचं आपण आजपर्यंत काय गवत उपटत होतो. मला अर्धं कळायचं, अर्धं मी नुसतं मान हलवून घ्यायचो. तीन महिने गेले. मालकांचे फोन यायला लागले. ताई कॅलेंडरकडं बघायची.

शेवटी सरांचं व्हर्जन खात्यात चाचणीला लागलं. फळ्याशेजारी टेबल, टेबलावर कंप्युटर, समोर मामा, मागं मी. लूमचा आवाज एवढा की कानात बोललं तरी ओरडल्यासारखं. मामांनी एका बोटानं बारा नंबरच्या लूमवर एका विणकराचं नाव घातलं. स्क्रीन लाल झाली. "हे शक्य नाही."

मामांनी त्याच्या साडूचं नाव घातलं. "हे शक्य नाही."

झालं होतं असं की तो विणकर त्या दिवशी दुसऱ्या पाळीला गेला होता, तशी नोंदही होती, आणि त्याच्या जागी त्याचा साडू त्याचेच लूम चालवत होता. साडू स्वतःच्या नावानं आधीच शेजारच्या रांगेत होता. तिथं ही रीतच आहे. एखादा लग्नाला गेला, कुणाची आई आजारी पडली, तर शेजारचा त्याचे लूम बघतो, आणि फळ्यावर नाव ज्याचं त्याचंच राहतं. कुणाला कुणी विचारत नाही, कारण उद्या त्याची पाळी असते. सरांच्या जगात हे बसतच नव्हतं.

मामांनी चष्मा काढला, लूमकडं बघितलं, स्क्रीनकडं बघितलं, परत लूमकडं. "शक्य न्हाय म्हणतंय," ते माझ्या कानात ओरडले. "आन माझ्या म्होरं चाललंय की. आता ह्येला बंद करू का त्येला?"

मी ऑफिसात येऊन हा प्रसंग दोघांना करून दाखवला, लूमच्या आवाजासकट. सर पोट धरून हसले. मग म्हणाले, "ॲक्च्युअली, सिस्टीम बरोबर आहे. त्यांची पद्धत चुकीची आहे. आता सिस्टीममुळं ती बाहेर आली."

आणि गंमत बघा, त्यानंतर चार दिवस स्क्रीन एकदासुद्धा लाल झाली नाही. सर रोज सकाळी नोंदी उघडून बघायचे. एक चूक नाही. मला म्हणाले, "बघितलंस? माणसं शिस्तीला तयार असतात रे. आपणच त्यांना कमी समजतो." त्यांच्या तोंडावर मी इतका आनंद परत बघितला नाही. मी त्याची नक्कल कधी केली नाही.

पाचव्या दिवशी ताई खात्यात गेली. नोंदी घेऊन एकेका लूमपाशी उभी राहिली. परत आली ती सरळ माझ्याकडं. "चल खाली," म्हणाली. झेरॉक्सवाल्याच्या बाकड्यावर बसवून मला कागद दाखवला. तिनं पंचवीस लूमची नावं उतरवून घेतली होती. त्यातली अठरा माणसं कारखान्यातच नव्हती. एक रिटायर होऊन टेंभुर्णीला पोराकडं राहत होता. एकानं चहाचा गाडा टाकला होता. दोघं वारले होते.

झालं काय होतं, कारखान्याकडून आलेल्या कामगारांच्या यादीत जुनी नावं तशीच होती. सरांच्या नियमाप्रमाणं काहीच पुसायचं नसतं ना. खरी नावं घातली की स्क्रीन लाल होते, म्हणून मामांनी जुन्या माणसांची नावं घालायला सुरुवात केली. मी मामांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणले, "ती मान्सं लग्नाला जात न्हाईत, आजारी पडत न्हाईत. तुमच्या सिस्टीमला असलीच मान्सं पायजेत की."

ताईनं सरांपुढं कागद ठेवला. सरांनी एकेका नावावर बोट ठेवून कागद वाचला. ताई म्हणाली, "सर, एक चौकट वाढवू. नाव कुणाचं आणि प्रत्यक्षात कोण. बदली म्हणून. आणि काहीच बसत नसेल तर एक रिकामी जागा, त्यांना काय लिहायचं ते लिहू दे. दोन दिवसाचं काम आहे."

"रिकामी जागा ठेवली की त्यात सगळं येऊन बसतं. मग बाकीच्या चौकटींना अर्थच उरत नाही."

"आता तरी कुठं अर्थ आहे सर? मेलेली माणसं टॉवेल विणतायत."

सर काही चिडले नाहीत. डोळे मिटले. "ॲक्च्युअली, आपण 'काम करणं' म्हणजे काय हेच चुकीचं मांडलंय. मुळापासून बदलावं लागेल. मला दोन महिने द्या."

नवीन लूम तीन आठवड्यांत येणार होते. ताई जागेवर जाऊन बसली. थोड्या वेळानं तिच्या आईचा फोन आला, कन्नडमधी दोन शब्द बोलली, "येनिल्ला, येनिल्ला," काही नाही, काही नाही, आणि ठेवून दिला.

त्यानंतरच्या आठवड्यात शुक्रवारी सर बेंगळुरूला गेले, ते पुढच्या गुरुवारीच परतणार होते. शुद्ध पद्धतीनं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं संमेलन होतं. आमचं ऑफिस बुडायला आलेलं आणि सर तिथं बोलणार होते, कारखान्याच्या प्रोग्रॅमबद्दल. हे मी बनवून सांगत नाही.

पहिल्याच दिवशी मामांचा फोन आला ऑफिसच्या मोबाईलवर. मालक विचारतायत म्हणले. आता हा मोबाईल कोण उचलतो हे मामांना दिसत नव्हतं. मी चष्मा नसताना कपाळावर बोट ढकललं, डोळे मिटले. "ॲक्च्युअली," मी म्हणालो, आणि गप्प बसलो. पलीकडून मामा, "हालो? सायेब?" मग हळू आवाजात मी सांगितलं की आपण जुनं, मॅडमनी केलेलं, फळ्यासारखं व्हर्जन सोमवारी बसवतोय. मामा म्हणले, "आता कसं बोललासा सायेब. आदीच दिलं असतं तर." मी सरांच्याच आवाजात म्हणालो, "हो, तेही खरंय." सरांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच निघालं असेल.

ताई तेव्हा बँकेत गेली होती. आल्यावर मी सांगितलं, सरांचा फोन होता, तुझं व्हर्जन बसवून टाका म्हणले. तिनं पर्स खाली ठेवली नाही, तशीच उभी राहिली. "नक्की म्हणले?"

"नक्की."

"कसं म्हणले? करून दाखव."

मी करून दाखवलं. ती हसली. आपल्या माणसाच्या आवाजात ऐकलं की खरं वाटतं, आणि तिला तर खरं पाहिजेच होतं. मला वाटलं आपण हिची नोकरी वाचवली. त्या दिवशी मी लई खूष होतो, हे कबूल करायला पाहिजे.

सोमवारी ताईनं बसवलं. स्क्रीनच्या खाली बारीक अक्षरात कुणी बनवलं त्याचं नाव यायचं, तिथं तिनं आमच्या ऑफिससोबत स्वतःचं नाव घातलं. मामांनी दहा मिनिटांत सगळं शिकून घेतलं. पुढं नवीन लूम आले, त्यांच्या चौकटी वाढल्या. मालकांनी खात्यात पेढे वाटले, आम्हाला पण दिले. फळा भिंतीवरून काढून मागं ठेवला.

बसवलं त्याच गुरुवारी सर परत आले, तेव्हा ताई म्हणाली, "सर, तुमच्या सांगण्याप्रमाणं बसवलं. मस्त चाललंय." सरांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझा चेहरा सगळ्यांचा होतो, फक्त माझा स्वतःचा होत नाही, तेव्हा त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक. "बरं," म्हणाले. मग एवढंच विचारलं, "गेल्या मंगळवारी बारा नंबरवर काय होतं, हे यात कळेल?"

"मंगळवारचं कोण विचारतंय सर," ताई म्हणाली.

महिन्या-दीड महिन्यानं मालकांनी विचारलं. बाहेरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून टॉवेल परत आले होते. एका धुण्यात निम्मे टॉवेल फिके, निम्मे तसेच. सुताचे दोन लॉट मिसळले होते. मालकांना पाहिजे होतं, कुठल्या दिवशी कुठल्या लूमवर कुठला लॉट होता, म्हणजे खराब माल वेगळा काढता येईल आणि बाकीचा वाचेल. आम्हाला तिघांना बोलावलं. ताईनं स्क्रीन उघडली. स्क्रीनवर आजचं होतं. फक्त आजचं.

मालक तेलुगू वळणाच्या मराठीत सावकाश बोलायचे. "मागचं?"

"मागचं राहत नाही साहेब," ताई म्हणाली. "बदललं की जुनं जातं."

"मग फळा काय वाईट होता?"

मामा दाराजवळ उभे होते, ते भिंतीकडं बघत होते. सर बोलतील असं मला वाटलं. त्यांनी सांगितलं असतं की मी हे आधीच म्हणालो होतो, तर त्यांचं खोटं नव्हतं. पण त्यांना पण माहीत होतं, त्यांचं व्हर्जन असतं तर प्रत्येक दिवसाची नोंद मिळाली असती, शुद्ध, न पुसलेली, आणि त्यातही लाल झाल्यावर मामांनी काय काय भरलं असतं देव जाणे. ते खाली बघत बसले. मालकांनी स्क्रीनच्या खालचं बारीक नाव वाचलं. "हे तुम्ही केलंय?"

"हो," ताई म्हणाली. "मी केलंय."

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तेव्हा बोलायला पाहिजे होतं की हे बसवायला सरांनी सांगितलंच नव्हतं, मी सांगितलं. माझ्याकडं त्या खोलीतल्या चारही माणसांचे आवाज होते. एकसुद्धा काढला नाही.

मालकांनी इचलकरंजीच्या एका कंपनीला काम दिलं. आमचं ऑफिस त्या महिन्याच्या शेवटी बंद झालं. शेवटच्या दिवशी मी ताईला खरं सांगितलं, झेरॉक्सवाल्याच्या त्याच बाकड्यावर. मला वाटलं चिडेल, मारेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"सर परत आले तेव्हा. त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"चाललं होतं ना," ती म्हणाली. "मला चाललेलं पाहिजे होतं रे माकडा."

सर परत पुण्याला गेले. मोठ्या कंपनीत आहेत. ज्या पद्धतीला ते नावं ठेवायचे त्याच पद्धतीनं दुसऱ्यांच्या जुन्या प्रोग्रॅमला ठिगळं लावतात, असं एकदा फोनवर सांगितलं. संमेलनाला आता जात नाहीत. मी पण पुण्यालाच आलो, मला काय, बॅग भरली की झालं. इथं ऑफिसात शंभर माणसं आहेत. मामांची नक्कल केली तर कुणाला कळत नाही, कारण कुणी मामांना बघितलेलं नाही.

ताई सोलापुरातच. एका सेतू केंद्रात लोकांचे फॉर्म भरून देते, उत्पन्नाचे दाखले, शाळेचे प्रवेश. गेल्या महिन्यात मी गेलो होतो. गर्दी होती. एका म्हातारीचं आडनाव चौकटीत बसत नव्हतं, ताई परत परत टाइप करत होती आणि म्हातारी तिच्या खांद्यावरून बघत होती. मला बघून ताईनं हात केला, थांब म्हणून. पाऊण तास थांबलो. निघताना ती उठून बाहेर आली आणि पटकन म्हणाली, "तुमच्याकडं घरून काम करायचं असतं का रे? काही पण. टेस्टिंगचं पण चालेल. विचारशील?"

मी विचारलं. आमच्या मॅनेजरनं सांगितलं, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यावंच लागतं, अपवाद नाही, आणि एवढी वर्षं सोडा, सहा महिन्यांचा गॅप असला तरी वरचे लोक घेत नाहीत. त्यानं छान समजावून सांगितलं.

काल ताईचा मेसेज आला. "विचारलंस का?"

मी लिहिलं, साहेब सुट्टीवर आहेत, सोमवारी विचारतो.